आधी दाखव, मग कर! : जावास्क्रिप्टमधून फाइलींची छोटी अवजारं

जावास्क्रिप्ट म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काय येतं? वेबपेजवरचा एक फॉर्म. मोबाइल नंबर नऊच आकडी टाकला की लाल अक्षरांत ओरडणारा! लॅबमध्ये आपण तो लिहितो, प्रिंटआउट जर्नलला लावतो, सही घेतो आणि व्हायवा झाली की विसरून जातो. माझ्या मते हा त्या भाषेवर अन्याय आहे. कारण हीच जावास्क्रिप्ट तुमच्या लॅपटॉपवरच्या फाइली मोजू शकते, त्यांची नावं बदलू शकते, पेनड्राइव्हवर एकच लेक्चर चार नावांनी पडलेलं असेल तर शोधून देऊ शकते. ना वेबपेज, ना बटणं. काळी स्क्रीन, एक कमांड आणि एंटर.

थोडा इतिहास. १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी ही भाषा अवघ्या दहा दिवसांत उभी केली. तिचा जन्मच ब्राउझरसाठी. वेबपेजवरच्या स्क्रिप्टला तुमच्या हार्डडिस्कवर वाटेल तिथे हात घालता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर कुठलीही साइट उघडली की जर्नल गायब! २००९ साली रायन डाल यांनी गूगल क्रोममधलं 'व्ही-एट' हे इंजिन ब्राउझरबाहेर वापरलं आणि त्याभोवती 'नोड' रचलं. नोडमध्ये जावास्क्रिप्टला फाइली वाचायची, लिहायची आणि पुसायचीही मुभा मिळाली.

शेवटचा शब्द पुन्हा वाचा: पुसायचीही. वेबपेजवर काही चुकलं तर रिफ्रेश मारता येतं. फाइलींना रिफ्रेशचं बटण नाही. म्हणून या लेखात तीन छोटी अवजारं बनवताना मी एकच नियम धरून बसणार आहे: अवजाराने आधी दाखवायचं, मग करायचं.

तयारी

नोडच्या अधिकृत साइटवरून 'एलटीएस' असं लिहिलेली आवृत्ती उतरवून घ्या. एलटीएस म्हणजे जिची देखभाल जास्त काळ होते ती. पैसे पडत नाहीत. टर्मिनल उघडा (विंडोजवाल्यांनी कमांड प्रॉम्प्ट किंवा पॉवरशेल), 'नोड' लिहून पुढे 'डॅश डॅश व्हर्जन' टाइप करा. आवृत्तीचा आकडा दिसला की गाडी स्टार्ट झाली समजा.

आपला हा मराठी विभाग, त्यामुळे फंक्शनांची नावं मी बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं.

आणि सुरुवात करण्याआधी 'सराव' नावाचा एक फोल्डर करा. त्यात दहा-बारा फाइली टाका, पण मूळ नव्हे, प्रती. वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी आपल्याला चांगला जॉब देत नाहीत, भंगारातला तुकडा देतात. तसंच हे.

पहिलं अवजार : मोजणी

युनिक्समध्ये 'डब्ल्यूसी' नावाची कमांड आहे. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्येही ती सापडते. काम साधं: फाइलमध्ये ओळी किती, शब्द किती, आकार किती. आपण आपली तशीच एक बनवू. ती चालवायची अशी: 'नोड मोजणी.जेएस अहवाल.टीएक्सटी'.

१. फाइलचं नाव मिळवा. टर्मिनलवर टाइप केलेले शब्द 'प्रोसेस डॉट आर्गव्ही' या अ‍ॅरेमध्ये येतात. सी भाषेत आर्गव्हीच्या शून्य नंबरवर प्रोग्रामचं नाव आणि एकपासून आपले शब्द, हे आठवत असेल. इथे शून्यावर नोडचा पत्ता, एकवर आपल्या स्क्रिप्टचा पत्ता, आणि आपला शब्द दोन नंबरवर.

२. नाव दिलंच नसेल तर 'वापर: मोजणी, मग फाइलचं नाव' अशी एक ओळ दाखवून थांबा. गप्प बसणारं अवजार कुणालाच आवडत नाही.

३. 'एफएस' मॉड्यूलमधल्या 'रीडफाइलसिंक'ने फाइल वाचा. पहिलं आर्ग्युमेंट नाव, दुसरं 'यूटीएफ-एट'. दुसरं विसरलात तर हातात मजकूर येत नाही, नुसत्या बाइट्सचा 'बफर' येतो.

४. ओळी मोजण्यासाठी नव्या ओळीच्या खुणेवर 'स्प्लिट' करा. फाइलच्या अगदी शेवटी ती खूण असेल तर अ‍ॅरेत एक रिकामा तुकडा जास्तीचा येतो. तो वजा करा.

५. शब्दांसाठी आधी 'ट्रिम', मग मोकळ्या जागांवर 'स्प्लिट'. इथेही मेख आहे. रिकाम्या मजकुराला स्प्लिट केलं तरी एक रिकामा तुकडा मिळतोच, म्हणजे कोऱ्या फाइलमध्ये 'एक शब्द' निघतो! त्यासाठी वेगळी अट घाला.

'नोडमध्ये सगळं असिंक्रोनस हवं' असं तुम्ही ऐकलं असेल. एका वेळी शेकडो लोकांना उत्तर देणाऱ्या सर्व्हरसाठी ते खरं. आपलं अवजार एकटंच येतं, काम करतं आणि जातं. त्याला सिंक फंक्शनं चालतात आणि कोड सरळ वरून खाली वाचता येतो.

आता गंमत. 'मराठी' हा एकच शब्द फाइलमध्ये लिहा आणि त्याची लांबी विचारा. जावास्क्रिप्टची 'लेंग्थ' सांगेल ५. फाइलचा आकार असेल १५ बाइट. आणि आपण मोजतो म, रा, ठी, म्हणजे ३! कोण खरं? तिघंही. काना आणि वेलांटी यांना यूनिकोडमध्ये स्वतंत्र नंबर आहेत, म्हणून ५. यूटीएफ-एटमध्ये देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून १५. डोळ्याला दिसतात तशी अक्षरं मोजायची असतील तर नोड १६ पासून 'इंटल डॉट सेगमेंटर' उपलब्ध आहे. त्याला भाषा सांगितली की तो अक्षराला काना-मात्रेसकट एक धरतो आणि ३ हे उत्तर देतो. एखाद्या ऑनलाइन फॉर्ममध्ये '२०० अक्षरांत लिहा' म्हटलेलं असतं आणि मराठी मजकूर भलत्याच ठिकाणी तुटतो, तेव्हा मागे हाच घोळ असू शकतो. म्हणून आपल्या अवजाराने नुसता आकडा न छापता 'बाइट', 'चिन्हं', 'अक्षरं' अशी तीन नावं लावून तीन आकडे छापावेत.

बोलायची शिस्त

अवजाराला दोन तोंडं असतात. 'कन्सोल डॉट लॉग' उत्तर सांगतं (स्टँडर्ड आउटपुट), 'कन्सोल डॉट एरर' तक्रार सांगतं (स्टँडर्ड एरर). स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात, मग फरक कशाला? कारण उद्या तुम्ही उत्तर '>' या खुणेने फाइलमध्ये वळवाल किंवा पाइपने दुसऱ्या कमांडला द्याल. तक्रारही त्याच वाटेने गेली तर पुढची कमांड तिलाच डेटा समजून बसेल. ही पाइपची कल्पना बेल लॅब्जमधल्या डग्लस मॅकिलरॉय यांची. केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्समध्ये आणली. लहान अवजारं एकमेकांना जोडून मोठं काम काढायची ही पद्धत आज पन्नास वर्षांनंतरही तशीच चालते.

तिसरी गोष्ट म्हणजे एक्झिट कोड. काम नीट झालं तर ०, बिघडलं तर दुसरा कुठलाही आकडा. 'प्रोसेस डॉट एक्झिटकोड'मध्ये १ भरला की झालं. आणि फाइल सापडली नाही म्हणून नोडने 'ईएनओईएनटी' असा कोड दिला, तर 'ट्राय-कॅच'मध्ये पकडून 'अमुक नावाची फाइल सापडली नाही' असं माणसाच्या भाषेत सांगा. पानभर लाल मजकूर बघून ज्युनिअर घाबरतात. सीनिअरही घाबरतात, फक्त दाखवत नाहीत!

दुसरं अवजार : नावं बदलणारं

मोजणीने फाइलला धक्का लागत नाही. आता जरा जोखमीचं काम.

गेल्या वर्षीच्या सर्व्हे कॅम्पनंतर आमच्या विंगमधल्या सिव्हिलच्या एका मित्राने सगळ्या ग्रुपचे फोटो एका फोल्डरमध्ये गोळा केले. त्यात लेव्हलिंगच्या फील्डबुकचे फोटोही होते. फाइलींची नावं कॅमेऱ्याने दिलेली, काही अर्थबोध न होणारी. त्याला कुठूनतरी एक तयार स्क्रिप्ट मिळाली: प्रत्येक फोटोला तो काढल्याच्या तारखेचं नाव द्यायचं. एंटर मारला. दोन सेकंदांत काम फत्ते, एकही एरर नाही. फोल्डर उघडला तर कॅम्प सहा दिवसांचा, आणि फोटोही सहाच!

बाकीचे गेले कुठे? सोमवारच्या पहिल्या फोटोला सोमवारची तारीख मिळाली. दुसऱ्यालाही तीच मिळाली आणि तो पहिल्याच्या जागी जाऊन बसला. तिसरा दुसऱ्याच्या जागी. असं करत दिवसाचा शेवटचा फोटो तेवढा उरला. फोनमधले मूळ फोटो जागा व्हावी म्हणून आधीच पुसलेले. फील्डबुकची दोन पानं पावसात भिजून शाई पसरलेली, त्यांची रीडिंगं फक्त फोटोंत होती. पूर्ण ग्रुपला रविवारी पुन्हा लेव्हल आणि स्टाफ खांद्यावर घेऊन साइटवर जावं लागलं.

नोडचं 'रीनेम' असंच वागतं. नव्या नावाची फाइल आधीच असेल तर ते विचारत नाही, तिच्यावर लिहून मोकळं होतं. नोडच्या दस्तऐवजात तसं स्पष्ट नमूद आहे. म्हणजे हा बिघाड नव्हे, स्वभाव आहे. स्वभावाला औषध नाही म्हणतात, पण इथे आहे. कामाचे तीन भाग पाडायचे: यादी, तपासणी, कृती.

यादी. 'रीडडिरसिंक' फोल्डरमधली नावं देतं. 'पाथ' मॉड्यूलच्या 'एक्स्टनेम'ने एक्स्टेन्शन काढा आणि लहान लिपीत बदलून मगच तुलना करा, कारण काही कॅमेरे 'जेपीजी' कॅपिटलमध्ये लिहितात. मग क्रम लावा. साधं 'सॉर्ट' नावांची अक्षरं बघतं, त्यामुळे १ नंतर १० येतं आणि मग २. एक्सपेरिमेंट दहावा जर्नलमध्ये दुसऱ्याच्या आधी लागला तर सही मिळेल का? 'लोकेलकंपेअर'ला 'न्यूमरिक' हा पर्याय 'ट्रू' करून द्या, म्हणजे आकडे आकड्यांसारखे लागतील. नवं नाव तयार करताना 'पॅडस्टार्ट'ने ००१, ००२ असे तीन अंक करा. आता हातात जोड्यांचा अ‍ॅरे आहे: जुनं नाव, नवं नाव. अजून एकाही फाइलला हात लावलेला नाही.

तपासणी. दोन प्रश्न विचारायचे. एक, दोन फाइलींना एकच नवं नाव मिळतंय का? सगळी नवी नावं लहान लिपीत करून 'सेट'मध्ये टाका. जोड्या २०० आणि सेटचा आकार ६ असेल तर तिथेच तक्रार करून थांबा. मित्राच्या स्क्रिप्टमध्ये एवढी एक अट असती तर तो रविवार वाचला असता. लहान लिपी अशासाठी की विंडोजला 'अ‍ॅपल' हे नाव कॅपिटलमध्ये लिहा किंवा स्मॉलमध्ये, एकच वाटतं. दुसरा प्रश्न, नव्या नावाची फाइल तिथे आधीच आहे का? त्यासाठी 'एक्झिस्ट्ससिंक'.

कृती. तपासणी पास झाली तरी अवजाराने स्वतःहून काही करायचं नाही. फक्त 'जुनं नाव, बाण, नवं नाव' अशी यादी छापायची आणि शेवटी लिहायचं: 'काहीही बदललेलं नाही. खरंच करायचं असेल तर पुढे --कर लावा.' हा शब्द देवनागरीतही चालतो, आर्गव्हीत तो जसाच्या तसा येतो. '--कर' मिळालं तरच पुढे जायचं. मोठ्या अवजारांमध्ये याच सोयीला 'ड्राय रन' म्हणतात. काही अवजारांत ती सोय असते, पण मुद्दाम मागावी लागते. आपल्या अवजारात उलटं ठेवू: न मागता ड्राय रन, आणि खरं काम मागितलं तरच.

आणखी एक कुलूप. जागा असेल तर रीनेम करूच नका. नवा फोल्डर करा आणि त्यात नव्या नावाने प्रत काढा. 'कॉपीफाइलसिंक'ला तिसरं आर्ग्युमेंट म्हणून 'कॉपीफाइल-एक्स्क्ल' हा कॉन्स्टंट दिला की तिथे त्या नावाची फाइल असल्यास ते लिहायला नकार देतं आणि 'ईईएक्झिस्ट' ही एरर देतं. मूळ फोल्डर जसाच्या तसा राहतो. डोळ्यांनी बघून खात्री झाली की मग जुना फोल्डर आपल्या हाताने हलवायचा.

पेनड्राइव्हवाल्यांसाठी एक टीप: रीनेमने फाइल पेनड्राइव्हवरून हार्डडिस्कवर जात नाही, 'ईएक्सडेव्ह' ही एरर येते. रीनेम म्हणजे त्याच डिस्कवर नावाची पाटी बदलणं, सामान हलवणं नव्हे. डिस्क बदलली की प्रतच काढावी लागते.

तिसरं अवजार : जुळे शोधणारं

परीक्षा जवळ आली की पेनड्राइव्ह रूमरूममधून फिरतो आणि एकच नोट्सची पीडीएफ चार नावांनी चार फोल्डरांत जाऊन बसते. नावावरून जुळे ओळखता येत नाहीत, आतला मजकूर बघावा लागतो.

आधी स्वस्त चाळणी: 'स्टॅटसिंक'ने आकार घ्या. आकारच वेगळा असेल तर फाइली एकसारख्या असूच शकत नाहीत. ज्यांचे आकार जुळतात त्यांचाच 'शा-२५६' हॅश काढा. 'क्रिप्टो' मॉड्यूलमध्ये तो तयार मिळतो. फाइल केवढीही असो, हॅश येतो ६४ हेक्स अंकांचा, आणि एक बाइट जरी बदलला तरी तो पार वेगळा येतो. आकारही सारखा, हॅशही सारखा, तर जुळे समजायला हरकत नाही. शून्य बाइटच्या फाइली मात्र बाजूला काढा, त्या सगळ्याच एकमेकींच्या जुळ्या निघतात.

इथे 'रीडफाइलसिंक' नको. दोन जीबीचा व्हिडिओ एका घासात मेमरीत ओढला तर लॅपटॉपचा पंखा विंगभर ऐकू जाईल. 'क्रिएटरीडस्ट्रीम' वापरा. ते फाइल तुकड्यातुकड्यांनी देतं, ठरलेला तुकडा ६४ केबीचा, म्हणजे ६५,५३६ बाइटचा. प्रत्येक तुकडा हॅशला भरवत जायचा.

हीच स्ट्रीम मोजणीच्या अवजारात लावायची झाली तर सावध. ६५,५३६ ला ३ ने भागलं तर बाकी १ उरते. म्हणजे फक्त देवनागरी चिन्हांनी भरलेल्या फाइलमध्ये पहिल्याच तुकड्याच्या शेवटी एक चिन्ह मधोमध कापलं जाणार! स्ट्रीमला 'सेटएन्कोडिंग'ने यूटीएफ-एट सांगून ठेवा, मग उरलेला बाइट ती पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवते. हॅशला ही काळजी नाही, तो बाइट्सच बघतो.

आणि जुळे सापडल्यावर? यादी छापा आणि थांबा. या अवजारात पुसायची सोयच ठेवू नका. 'अनलिंक'ने पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते. चारपैकी कुठली प्रत ठेवायची हे आकार आणि हॅश सांगू शकत नाहीत. ते ज्याचा पेनड्राइव्ह त्यालाच माहीत.

'हे सगळं एआय करून देतं की!'

देतं. अर्ध्या मिनिटात देतं, आणि बऱ्याचदा चांगलंही देतं. पण मित्राच्या स्क्रिप्टमध्ये एकही सिंटॅक्स एरर नव्हती, हे विसरू नका. कुणीही लिहून दिलेली फाइलींची स्क्रिप्ट चालवण्याआधी तिच्यात चार शब्द शोधा: रीनेम, राइटफाइल, अनलिंक आणि 'आरएम'. प्रत्येकापाशी थांबून विचारा, 'या नावाची फाइल तिथे आधीच असेल तर काय होईल?' उत्तर देता आलं नाही तर एंटर मारू नका. हा प्रश्न सुचायचा असेल तर स्वतः एकदा तरी असं अवजार लिहिलेलं बरं.

गृहपाठ

१. मोजणीच्या अवजाराला एकाऐवजी अनेक फाइली द्या आणि शेवटी एकूण बेरीज छापा. एक फाइल सापडली नाही तरी बाकीच्यांची मोजणी व्हायला हवी, पण एक्झिट कोड १ यायला हवा.

२. नावं बदलणाऱ्या अवजाराला नोंदवही जोडा. प्रत्येक जोडी आधी एका फाइलमध्ये लिहायची, मग कृती करायची. ती नोंदवही उघडताना 'डब्ल्यूएक्स' हा फ्लॅग द्या, म्हणजे जुनी नोंदवही पुसली जाणार नाही. मग ती उलटी वाचून नावं पूर्ववत करणारं अवजार लिहा.

३. ऑफिसमधल्या मंडळींसाठी आणि सर-मॅडमसाठी: सबमिशनच्या फोल्डरमध्ये कोणत्या रोल नंबरची फाइल आलेली नाही, याची यादी देणारं अवजार. हे फक्त वाचतं, त्यामुळे निर्धास्त चालवा.

तिन्ही अवजारं मिळून दीडेकशे ओळींच्या आत बसतात. एका रविवारचं काम आहे. 'सराव' फोल्डरवर करा, '--कर'शिवाय दहा वेळा चालवा, छापलेली यादी खरोखर वाचा. अडलं तर रात्री मेसमधून आल्यावर मी विंगमध्येच असतो. येताना लॅपटॉप आणा, आणि बॅकअपही.